हूल कोणाला द्यायची?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: कोल्हापुरात राजारामपुरी भागात राहणाऱ्या, चाळिशीतल्या एका वाचकाने लिहिले आहे. गेली दोन वर्षे दर शनिवारी रात्री सहा मित्र एकाच्या घरी जमून टेक्सास होल्डेम हा पोकरचा प्रकार खेळतात. पैसे लावत नाहीत. प्रत्येकाला १,००० गुणांच्या चिप्स मिळतात, स्मॉल ब्लाइंड ५ चा आणि बिग ब्लाइंड १० चा असतो, आणि रात्र संपताना ज्याच्याकडे सर्वांत कमी चिप्स उरतात तो रविवारी सकाळी सगळ्यांना मिसळ खिलवतो. “पूर्वी एक्क्यांची, राजांची किंवा राण्यांची जोडी आली, नाहीतर एक्का-राजा आला, तरच मी थ्री-बेट (कोणी वाढवलेल्या रकमेवर पुन्हा वाढ) करत असे,” ते लिहितात. “मग मी थ्री-बेट केली की सगळे हसत पाने टाकू लागले. वैतागून मी कधीकधी हातातले एक्के उलटून दाखवतोसुद्धा. दीड महिन्यापूर्वी इंटरनेटवरून एक संतुलित तक्ता उतरवून घेतला. त्यात भक्कम हातांच्या बरोबरीने जवळपास तितकेच ब्लफ, म्हणजे हलक्या हातांनी द्यायच्या हुली, आहेत. तो मी तंतोतंत पाळला आणि सहापैकी चार रविवारी मिसळीचे बिल माझ्या माथी आले. करसल्लागार असलेला एक मित्र माझी थ्री-बेट आली की अजूनही हमखास पाने टाकतो, पण उद्यमनगरात फाउंड्री असलेला दुसरा मित्र काहीही झाले तरी कॉल करतो, म्हणजे तेवढी रक्कम टाकून डावात राहतो, आणि वर मला ‘पुस्तकी पैलवान’ म्हणतो. मी जुन्या पद्धतीकडे परतावे, की तक्ता आणखी काटेकोरपणे पाळावा? डिसेंबरात गोव्याला जाऊन एकदा कॅसिनोत खेळण्याचा विचार आहे. तोपर्यंत पैसे लावायच्या एखाद्या ॲपवर सराव करू का?”

उत्तर:

तुमच्या पत्रात दोन पर्याय आहेत, जुनी पद्धत किंवा तक्ता. दोन्हींच्या मुळाशी एकच गृहीतक आहे. टेबलावरच्या पाचही जणांसाठी थ्री-बेटची एकच बरोबर रेंज असते आणि ती आपल्याला सापडायची आहे, असे तुम्ही धरून चालला आहात. मला हे गृहीतकच तपासावेसे वाटते. तुमच्याच पत्रातले दोन मित्र एकाच थ्री-बेटला नेमका उलटा प्रतिसाद देतात, एक हमखास पाने टाकतो आणि दुसरा हमखास कॉल करतो, आणि तरीही तुम्ही दोघांपुढे एकच यादी मांडता.

होल्डेमशी ओळख नसलेल्या वाचकांसाठी एक खुलासा करतो. प्रत्येकाला स्वतःची दोन पाने मिळतात आणि मध्ये सगळ्यांसाठी पाच पाने उघडतात: आधी तीन, म्हणजे फ्लॉप, मग एकेक करून दोन, आणि त्यातल्या शेवटच्याला रिव्हर म्हणतात. फ्लॉपची तीन पाने उघडण्यापूर्वी बिग ब्लाइंडची सक्तीची रक्कम ही पहिली बेट मानतात, त्यावर कोणी वाढवले, म्हणजे रेज केले, की दुसरी आणि त्याच्यावर पुन्हा वाढवले की तिसरी, म्हणून ती थ्री-बेट; तिच्यावरची वाढ म्हणजे फोर-बेट. पाने टाकून डाव सोडणे म्हणजे फोल्ड. रेंज म्हणजे एखाद्या चालीसाठी आपण मनाशी ठरवलेल्या सर्व संभाव्य हातांचा संच. एकच रंग म्हणजे दोन्ही पाने इस्पिक, दोन्ही बदाम, दोन्ही चौकट किंवा दोन्ही किलवर, आणि अशा हाताला सूटेड म्हणतात.

आता थोडी मोजणी. ५२ पानांतून दोन पानांचे १,३२६ वेगवेगळे हात होतात. कोणतीही एक जोडी ६ प्रकारे येते, एखादा सूटेड हात ४ प्रकारे आणि वेगवेगळ्या रंगांतला तोच हात १२ प्रकारे. म्हणजे एक्के, राजे आणि राण्या यांच्या जोड्या मिळून १८ आणि एक्का-राजा १६, अशी तुमची जुनी रेंज ३४ हातांची, शंभरात साधारण अडीच हातांची होती. घरगुती टेबलावर गप्पा मारत तासाला पंचवीस डाव होतात असे धरले, तर चार तासांच्या बैठकीत असे हात तुम्हाला अडीच-तीन वेळा येतील, आणि त्यातही तुमच्याआधी कोणी रेज केलेले असेल तेव्हाच थ्री-बेटची संधी मिळेल. एका शनिवारी एक किंवा दोन. एवढ्या तुटपुंज्या पुराव्यावरून पाच मित्रांनी तुमची रेंज ओळखली असेल, तर त्यांना कोणीतरी मदत केली असली पाहिजे, आणि ती मदत तुम्ही स्वतःच, पाने उलटून दाखवून, केली आहे. डाव तुम्ही जिंकलेला असतो, पाने दाखवण्याचे कोणतेही बंधन नसते, तरी केवळ “बघा, माझ्याकडे खरेच एक्के होते” या हळहळीपोटी तुम्ही पुढच्या कित्येक शनिवारांची माहिती फुकट वाटून टाकता. ही सवय आजपासून बंद करा. तक्त्यातल्या कोणत्याही दुरुस्तीपेक्षा हिचा उपयोग अधिक होईल.

शिवाय, मित्र पाने टाकतात म्हणजे त्यांनी तुम्हाला ओळखलेच आहे, हेही खात्रीने म्हणता येत नाही. तुमचा करसल्लागार मित्र बटनाच्या, म्हणजे फ्लॉपनंतर शेवटी बोलणाऱ्याच्या जागेच्या, उजवीकडे बसून साधारण ३०० हातांनी रेज करतो असे समजू. ही अगदी सर्वसाधारण संख्या आहे. त्यापैकी थ्री-बेटला तोंड देण्याजोगे हात कोणते? दश्श्यांच्या जोडीपासून वरच्या सगळ्या जोड्या, एक्का-राजा आणि सूटेड एक्का-राणी, एवढेच तो ठेवत असेल तर ते ३०, १६ आणि ४ मिळून ५० होतात. उरलेले २५० हात, म्हणजे शंभरातले ८३, समोर अनोळखी माणूस असता तरी त्याने टाकलेच असते. त्याच्या फोल्डमध्ये तुमच्या कीर्तीचा वाटा किती आणि त्याच्या हातातल्या सामान्य पानांचा किती, हे तुम्हाला टेबलावरून दिसणार नाही.

संतुलनाची कल्पना मात्र खोटी नाही, हे आधी स्पष्ट करतो. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आपण सगळ्यांनी ‘चॅलेंज’ खेळलेले असते. पाने पालथी ठेवायची आणि “तीन राण्या” असे जाहीर करायचे, मग त्या राण्या असोत वा दुर्र्या-तिर्र्या. आमच्या घरी एक मावसभाऊ होता, तो कधीच खोटे बोलत नसे, त्यामुळे त्याला चॅलेंज करायला कोणी धजत नसे, आणि तो नेहमी शेवटच्या दोन पानांवर अडकून बसे. त्याच्या थोरल्या बहिणीचे उलटे होते. ती प्रत्येक वेळी थाप मारी आणि अर्धा गठ्ठा तिच्याच पदरात पडे. जिंकायची ती आजी, कारण तिच्या चेहऱ्यावरून आणि तिच्या सवयीवरूनही काहीच ठरवता येत नसे. संतुलित रेंज म्हणजे आजीचा हा खेळ आकड्यांत मांडलेला. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ च्या आपल्या निबंधात आणि पुढे १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात खेळांच्या सिद्धान्ताचा पाया घातला. त्यांनी पोकरचे एक सोपे प्रारूप सोडवून दाखवले होते, आणि त्यात बेट लावायची ती सर्वोत्तम हातांनी आणि सर्वांत टाकाऊ हातांनी, मधल्या हातांनी मात्र थांबायचे, असे उत्तर निघाले. आज ज्याला आपण ध्रुवीकृत, म्हणजे दोन टोकांची रेंज म्हणतो, तिचे मूळ इथे आहे. तुमचा तक्ता त्याच घराण्यातला.

पण त्या प्रारूपात खेळाडू दोनच होते, ही गोष्ट तक्ते विकणारे सांगत नाहीत. दोघांच्या खेळात, जिथे एकाचा तोटा हाच दुसऱ्याचा फायदा असतो तिथे, समतोलाचा डाव खेळणाऱ्याला कोणीही दीर्घकाळात हरवू शकत नाही, ही हमी गणित देते. टेबलावर तिसरा माणूस बसला की ही हमी संपते. २०१९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुक यांच्या संशोधकांच्या प्लुरिबस या प्रोग्रॅमने सहा जणांच्या टेबलावर व्यावसायिक खेळाडूंवर मात केली. ती खरोखर मोठी कामगिरी होती, तरीही सहा जणांच्या टेबलावर अमुक एक तक्ता पाळला की तुम्ही हरणार नाही, असे त्यातून सिद्ध होत नाही. सॉल्व्हरमधून, म्हणजे समतोल चाली शोधणाऱ्या संगणकीय प्रोग्रॅममधून, निघालेला तक्ता समोरचे सगळे खेळाडूही तितकेच समतोल खेळत आहेत असे धरून तयार होतो. तुमच्या फाउंड्रीवाल्या मित्राने तसा करार केलेला नाही.

आता तुमच्या टेबलाचा हिशेब मांडू. मित्राने २५ पर्यंत रेज केले आहे, ब्लाइंडचे १५ मध्ये पडलेले आहेत, म्हणजे पॉट, अर्थात मध्ये जमलेली रक्कम, ४० चा आहे. तुम्ही बटनवरून ८० ची थ्री-बेट करता. तुमचा हात निव्वळ ब्लफ आहे, कॉल आला की तो हमखास हरतो असे कडक गृहीत धरले, तर ४० मिळवण्यासाठी ८० धोक्यात घातले जातात, म्हणून तीनपैकी दोन वेळा समोरच्याने पाने टाकली तरच हिशेब बरोबरीत सुटतो. करसल्लागार मित्र शंभरात ८३ वेळा टाकतो, त्यामुळे त्याच्याविरुद्धची प्रत्येक हूल सरासरी २० गुण मिळवून देते. फाउंड्रीवाला मित्र शंभरात फार तर ४० वेळा टाकत असेल, म्हणून त्याच्याविरुद्ध तीच हूल सरासरी ३२ गुणांचा खड्डा पाडते. प्रत्यक्षात कॉल झाल्यावरही तुमचा हात अधूनमधून जिंकतो आणि ब्लाइंडमधले दोघे अजून बोलायचे असतात, त्यामुळे हे आकडे थोडे मागेपुढे होतील, पण चिन्ह बदलणार नाही. एकाच्या बाबतीत अधिक आणि दुसऱ्याच्या बाबतीत उणे. तुमच्या सहा शनिवारांची गोष्ट बहुतेक याच दोन ओळींत आहे.

ब्लफसाठी मी मुद्दाम ‘हूल’ हा शब्द वापरला. आपल्याकडच्या तालमीत वस्ताद पोरांना सांगतात, पटाला जायची हूल दाखवायची आणि समोरचा खाली वाकला की दुसराच डाव टाकायचा. हूल चालते ती समोरच्याने ती पाहिली, ओळखली आणि तिला घाबरून हालचाल केली तर. जो पैलवान तुमच्या हाताकडे पाहतच नाही, नुसता अंगावर येतो, त्याला हूल देणारा स्वतःच तोल घालवून बसतो. तुमच्या मित्राने तुम्हाला पुस्तकी पैलवान म्हटले त्यात टवाळी आहे, पण निरीक्षण चुकीचे नाही.

संतुलन हे संरक्षण आहे, आणि ते तुमच्याकडे लक्ष ठेवून आपला खेळ बदलणाऱ्या माणसापुरतेच लागते. जो बदलतच नाही त्याच्यापुढे संतुलित राहणे म्हणजे त्याच्या चुकीची किंमत वसूल न करणे. हे फाउंड्रीवाल्या मित्राला लागू आहे तसेच करसल्लागार मित्रालाही. तो खरोखरच शंभरात ८३ वेळा पाने टाकत असेल, तर त्याच्यापुढे तक्त्यापेक्षाही जास्त हुली द्यायला हव्यात, आणि त्याने फोर-बेट किंवा कॉल करायला सुरुवात केली की मागे यायचे. म्हणजे तुमचा तक्ता एका मित्रासाठी फार धाडसी आणि दुसऱ्यासाठी काहीसा भित्रा आहे.

तुम्ही दोन वेगळ्या याद्या करा, असे मी सुचवीन. कॉल करणाऱ्यासाठी सरळ उतरती, म्हणजे वरून खाली चांगल्या हातांचीच यादी ठेवा. दश्श्यांच्या जोडीपासून वरच्या सर्व जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, सूटेड एक्का-गुलाम आणि सूटेड राजा-राणी. हे मोजले तर ७० हात होतात. तुमच्या तक्त्यात ३४ भक्कम आणि ३२ ब्लफ मिळून ६६ आहेत. गंमत पाहा, दोन्ही याद्यांची लांबी जवळजवळ सारखीच, शंभरात पाच हातांच्या आसपास, म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला तुमचा आक्रमकपणा तेवढाच दिसेल. फरक आतल्या मालात आहे. एक्का-राणी किंवा दश्श्यांची जोडी घेऊन केलेल्या थ्री-बेटला जो माणूस एक्का-नव्वी, राजा-गुलाम आणि पंजींची जोडी घेऊन कॉल करतो, तो तुम्हाला पैसे, माफ करा, गुण देत असतो. जुन्या पद्धतीकडे परतायचे का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. या मित्रापुरते हुली सोडून देणे बरोबर, पण जुन्या ३४ हातांवर थांबणे नको, यादी खालच्या बाजूने वाढवा.

पाने टाकणाऱ्यासाठी दोन टोकांची यादी ठेवा, आणि इथे ब्लफ कोणते निवडायचे याला महत्त्व आहे. तुमच्या तक्त्यात सूटेड एक्का-दुर्रीपासून एक्का-पंजीपर्यंतचे १६ हात आहेत आणि बाकीचे १६ सत्ती-छक्की, छक्की-पंजी यांसारख्या जोडपानांचे आणि राजाबरोबरच्या छोट्या पानांचे आहेत. पहिले १६ मला पसंत आहेत. तुमच्या हातात एक एक्का असला की समोरच्याकडे एक्क्यांची जोडी असण्याचे प्रकार सहावरून तीनवर येतात आणि एक्का-राजाचे सोळावरून बारावर. करसल्लागार मित्राचे ते ५० भक्कम हात, तुमच्याकडे सूटेड एक्का-पंजी असताना ४२ च उरतात. याला ब्लॉकर म्हणतात. सत्ती-छक्की हातात असली तर त्या पन्नासातला एकही कमी होत नाही. शिवाय कॉल झालाच तर एक्का-पंजीला सर्वांत मोठ्या फ्लशची (एकाच रंगाच्या पाच पानांची) आणि एक्का ते पंजी अशा क्रमाची आशा राहते, आणि राजांच्या जोडीविरुद्धही जवळपास एक तृतीयांश वेळा ती जिंकते. बरोबरीने हेही महत्त्वाचे, की फोर-बेट आली तर ती हळहळ न करता टाकता येते. सूटेड एक्का-राणी ब्लफ म्हणून वापरून फोर-बेटला टाकावी लागली तर चांगला कॉल करण्याजोगा हात वाया जातो.

सुरुवातीला मी म्हणेन, ३४ भक्कम हातांना सूटेड एक्का-पंजी, एक्का-चौकी आणि एक्का-तिर्री, असे फक्त १२ ब्लफ जोडा. मित्र टाकतच राहिला तर एक्का-दुर्री आणि सूटेड राजा-नव्वी घ्या. एखादा हात अर्ध्या वेळाच ब्लफ म्हणून खेळायचा असेल तर त्याची सोपी युक्ती आहे. इस्पिक किंवा बदाम असेल तर थ्री-बेट, चौकट किंवा किलवर असेल तर फोल्ड. चारपैकी दोन प्रकार म्हणजे आपोआप निम्मे प्रमाण झाले, आणि “आज वाटतेय म्हणून” हा बेभरवशाचा निकष मध्ये येत नाही. काही खेळाडू घड्याळाच्या सेकंदकाट्यावर ठरवतात, पण मित्रांच्या टेबलावर दर डावाला मनगटाकडे पाहणारा माणूस लगेच ओळखू येतो.

तक्त्यातल्या निम्म्या-निम्म्या प्रमाणाबद्दल एक शंका व्यक्त करतो. पोकर शिकणाऱ्यांच्या डोक्यात “दोन व्हॅल्यूला (म्हणजे भक्कम हाताच्या बेटींना) एक ब्लफ” यांसारखी गुणोत्तरे बसलेली असतात. ती शेवटच्या पानानंतरची आहेत. तिथे पॉटइतकी बेट लावली तर समोरच्याला तीनात एकदा बरोबर ठरणे पुरते, म्हणून तीन बेटांत एक ब्लफ हा समतोल निघतो. पण रिव्हरवर ब्लफ हा मेलेला हात असतो आणि प्रीफ्लॉपला, म्हणजे फ्लॉपच्या आधी, कोणताच हात मेलेला नसतो, अजून पाच पाने यायची असतात. त्यामुळे तिथले गुणोत्तर इथे आणून चालत नाही. तुमच्या ८० च्या थ्री-बेटला कॉल करणाऱ्याला आणखी ५५ टाकून १७५ च्या पॉटमध्ये बसायचे असते, म्हणजे त्याला शंभरात एकतीस-बत्तीस वेळा जिंकले तरी पुरते. बटनवरून, म्हणजे फ्लॉपनंतर शेवटी बोलण्याच्या जागेवरून, तुम्ही ब्लफचे प्रमाण वाढवू शकता. ब्लाइंडमधून, जिथे प्रत्येक पानानंतर तुम्हालाच आधी बोलायचे असते, ते कमी ठेवावे आणि बेटचा आकार ८० ऐवजी १०० च्या घरात न्यावा. एका रेजवर आधीच दोघांनी कॉल केलेला असेल आणि त्यात उद्यमनगर असेल, तर तिथे हुलीचा विचारही करू नका.

उरलेल्या तिघांबद्दल तुम्ही पत्रात काहीच लिहिलेले नाही. ते मनःस्थितीप्रमाणे खेळत असतील, तर त्यांच्यासाठी उतरती यादी धरा आणि त्यात फक्त सूटेड एक्का-पंजी मिसळा. महिन्याभरात त्यांची सवय ध्यानात येईल. घरी गेल्यावर वहीत तीन रकाने करून ठेवा: कोणी रेज केले, तुम्ही कोणत्या हाताने थ्री-बेट केली, आणि त्याने काय केले. करसल्लागार मित्र बहुधा मनातल्या मनात हेच करत असावा.

पत्रात एका गोष्टीचा उल्लेख नाही, आणि माझा संशय तिथे अधिक आहे. कॉल झाल्यानंतर फ्लॉपवर तुम्ही काय करता? जोडी नसलेल्या हाताला फ्लॉपवर जोडी लागण्याची शक्यता साधारण तीनात एकदा असते. म्हणजे तीनपैकी दोन वेळा तुमचा ब्लफ फ्लॉपवरही रिकामाच राहतो, आणि तक्ता तिथे तुमची साथ सोडतो, कारण तो फक्त प्रीफ्लॉपचा आहे. तुम्ही तिथे मुकाट्याने चेक करून, म्हणजे बेट न लावता, पुढे पाने टाकत असाल, तर कॉल करणारा मित्र थोड्याच दिवसांत शिकतो, की या गृहस्थाला फ्लॉपपर्यंत आणले की काम झाले. राजा-सत्ती-दुर्री अशा, तीन वेगळ्या रंगांच्या फ्लॉपवर एक तृतीयांश पॉटची छोटी बेट बहुतेक हातांनी लावता येते, कारण एक्के, राजे आणि एक्का-राजा तुमच्याकडे असण्याची शक्यता जास्त आहे. नव्वी-अठ्ठी-सत्ती, त्यातली दोन एकाच रंगाची, असा फ्लॉप कॉल करणाऱ्याच्या रेंजला जवळचा असतो. तिथे सोडून देण्यात कमीपणा नाही. फाउंड्रीवाल्या मित्रापुढे मात्र राजा आलेल्या फ्लॉपवरही रिकाम्या हाताने एकदाच प्रयत्न करावा, दुसऱ्यांदा नाही.

चार रविवारांच्या बिलावरून तक्ता फसला असा निष्कर्ष काढू नका, आणि मी वर लिहिलेले सगळे पाळून पुढचे दोन रविवार बिल चुकले तर ते यश माझ्या खात्यावरही लिहू नका. सहा शनिवारांत सहाशे डाव झाले असतील, त्यात तक्त्यातले तीस-एक हात आले असतील, निम्म्या वेळी तुमच्याआधी कोणी रेज केलेले असेल, आणि त्यातले निम्मे ब्लफ, म्हणजे सात-आठ हुली. त्यांपैकी तीन-चार चुकीच्या माणसापुढे गेल्या एवढेच त्यावरून सांगता येते. बाकीची मिसळ एखाद्या मोठ्या पॉटमध्ये राजांसमोर एक्के निघाल्याने, किंवा शेवटच्या पानावर लागलेल्या फ्लशनेही पदरात पडली असू शकेल.

गोव्याबद्दल थोडक्यात सांगतो. तिथल्या टेबलावर तुम्ही अनोळखी लोकांत असाल, कोणाकडेही तुमची दोन वर्षांची नोंद नसेल, आणि एका रात्रीत तुमच्या चार-पाच थ्री-बेट कोणी पाहिल्या तरी त्यांतून काही ताडता येणार नाही. तिथे संतुलनाची गरज सर्वांत कमी, म्हणून उतरती यादी घेऊन बसा आणि पहिला तासभर कोण किती कॉल करतो ते पाहा. कॅसिनो प्रत्येक पॉटमधून आपला हिस्सा कापतो, पण बऱ्याच ठिकाणी डाव फ्लॉपपूर्वी संपला तर कापत नाही. त्यामुळे काठावरच्या हातांनी कॉल करण्यापेक्षा थ्री-बेट किंवा फोल्ड करणे तिथे थोडे अधिक परवडते. किती रक्कम हरायची हे घाट उतरण्याआधी ठरवून तेवढीच वेगळी ठेवा. पैशांच्या ॲपचा विचार सोडून द्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घातली आहे. सरावासाठी खोट्या चिप्सचे ॲपही फारसे उपयोगाचे नाही, कारण तिथे सगळेच तुमच्या फाउंड्रीवाल्या मित्रासारखे खेळतात. त्यापेक्षा पत्त्यांचा कॅट घेऊन रोज वीस हात स्वतःलाच वाटा आणि प्रत्येक हातावर, आधी करसल्लागार समोर आहे असे समजून आणि मग फाउंड्रीवाला आहे असे समजून, काय कराल ते मोठ्याने सांगा.

राहता राहिली एक अडचण. पत्रातल्या खुणा मी जमेल तेवढ्या पुसल्या आहेत, तरी दर शनिवारी राजारामपुरीत जमणाऱ्या सहा जणांपैकी कोणी हे सदर वाचत असेल, तर त्याला हे पत्र कोणाचे ते कळायला वेळ लागणार नाही. वाचणारा बहुधा करसल्लागार मित्रच असेल, आणि पुढच्या शनिवारी तो तुमच्या थ्री-बेटला एक्का-पंजी समजून कॉल करील किंवा फोर-बेट करील. तेव्हा पुढचे तीन-चार शनिवार त्याच्यासाठीही उतरती यादीच वापरा. फाउंड्रीवाल्या मित्राने हे वाचले असले तरी त्याच्या बाबतीत काही बदलण्याची गरज मला दिसत नाही.